वहीतला शेवटचा रकाना

आपल्या हॉस्टेलच्या गेटवर एक वही असते. तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'अभ्यागत नोंदवही' असं लिहिलेलं असतं, आणि आत जे लिहिलेलं असतं ते वाचून चांगली करमणूक होते. 'भेटीचं कारण' या रकान्यात कोणी 'सहज' लिहितो, कोणी 'पर्सनल', आणि बाकीचे वरच्या ओळीखाली दोन टिंबं देऊन मोकळे होतात. येण्याची वेळ निम्म्या लोकांची असते. जाण्याची वेळ मात्र जवळपास कोणाचीच नसते. त्या वहीवर विश्वास ठेवायचा झाला, तर गेल्या जूनपासून आपल्या हॉस्टेलमध्ये आलेला एकही पाहुणा अजून परत गेलेला नाही!

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट आहे खरी. पण डिप्लोमा झाल्यावर, इथे डायरेक्ट सेकंड इयरला येण्याआधी, मी अकरा महिने सातारा जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या गेटवर व्हिजिटर क्लार्क होतो. आत ज्वालाग्राही रसायनं असायची, त्यामुळे बंदोबस्त कडक. कारखान्याचं नाव लिहिण्याचं कारण नाही. तिथे त्या शेवटच्या रकान्याची किंमत कळली. आपल्या कुठल्याच सब्जेक्टच्या सिलॅबसमध्ये हा चॅप्टर नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

गेटवरचा कारकून नेमकं करतो काय?

लोकांना वाटतं, गेटवरचा माणूस म्हणजे नाव विचारणारा आणि अडवणारा. मलाही पहिल्या दिवशी तेच वाटलं होतं. प्रत्यक्षात त्याला प्रत्येक पाहुण्यामागे पाच प्रश्नांची उत्तरं मिळवायची असतात, आणि तीही मागे रांग उभी असताना, दोन-तीन मिनिटांत.

पहिला प्रश्न : हा कोण? ओळखपत्र बघायचं म्हणजे नुसतं हातात घेऊन परत द्यायचं नाही. आधी फोटो बघायचा, मग चेहरा बघायचा, मग नाव विचारायचं. इथे एक छोटी युक्ती आहे. कार्डावरचं नाव आपण वाचून दाखवायचं नाही. "आपणच अमुक का?" असं विचारलं की कोणीही "हो" म्हणतो. "नाव सांगा" म्हणायचं आणि त्याच्या तोंडून ऐकायचं.

दुसरा प्रश्न : कोणाकडे? ज्याच्याकडे जायचं त्याला इंटरकॉमवरून विचारायचं. नंबर आपल्या यादीतलाच लावायचा. पाहुणा स्वतःच्या मोबाईलवरून फोन लावून देतो, "घ्या, साहेबांशी बोला" म्हणतो. तो फोन घ्यायचा नाही. पलीकडून "हो हो, सोडा त्यांना" म्हणणारा कोण आहे हे आपल्याला काय ठाऊक? कॉम्प्युटरचे मित्र पहिल्या प्रश्नाला ऑथेंटिकेशन म्हणतात आणि दुसऱ्याला ऑथरायझेशन. माणूस खरा असणं वेगळं आणि त्याला आज आत जायची परवानगी असणं वेगळं. गेटवर होणाऱ्या बहुतेक घोटाळ्यांचं मूळ या दोन गोष्टी एकच समजण्यात असतं.

तिसरा प्रश्न : कशासाठी? यावरून तो आत कुठपर्यंत जाणार ते ठरतं. अकाउंट्समध्ये बिल द्यायला आलेला माणूस ऑफिसच्या पुढे जाणार नाही. पंप दुरुस्त करायला आलेला माणूस थेट प्लँटमध्ये जाणार, म्हणजे त्याला हेल्मेट हवं, बूट हवेत आणि सोबत आपला एक माणूस हवा. म्हणून 'पर्सनल' हे उत्तर चालत नाही.

चौथा प्रश्न : सोबत काय? आमच्याकडे काडेपेटी, लायटर आणि मोबाईल गेटवर ठेवून घ्यायचे आणि बदल्यात टोकन द्यायचं. लॅपटॉप असेल तर त्याचा सिरियल नंबर आत जातानाच लिहायचा. बाहेर येताना "हा माझाच" की "हा कंपनीचा" असा वाद उरत नाही.

पाचवा प्रश्न : कधी आत गेला आणि कधी बाहेर आला? पहिले चार प्रश्न पाहुणा समोर उभा असताना सुटतात. पाचव्याचं अर्धं उत्तर तो निघून जाताना मिळतं, आणि तेव्हा त्याला घाई असते. एसटी गाठायची असते, पाऊस असतो, दुपारची शिफ्ट सुटत असते. म्हणून हा रकाना रिकामा राहतो.

अदब आणि आदब

आमचे हेड वॉचमन फौजेतून निवृत्त झालेले. सातारा हा सैनिकांचा जिल्हा. अपशिंगे गावाच्या नावापुढे तर 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेलाय. अशा भागात गेटवर माजी सैनिक असणं नवलाचं नाही. त्यांना सगळे मामा म्हणत. मामांचं एक वाक्य मी आजही विसरलो नाही. "हे बघ, थांबवायचं आपलं काम आहे. हाडतूड करायचं नाही."

एकदा खटाव भागातल्या एक आजी डबा घेऊन आल्या. मुलगा आत काँट्रॅक्टरकडे कामाला. आजींजवळ ओळखपत्र नाही, मुलाचा विभाग माहीत नाही, मोबाईल नाही. पाच प्रश्नांपैकी एकाचंही धड उत्तर नाही. मी म्हटलं, "आजी, आत सोडता येणार नाही." मामांनी त्यांना केबिनच्या सावलीत खुर्ची दिली, पाणी दिलं, काँट्रॅक्टरच्या हजेरीतून मुलाचं नाव शोधलं आणि जेवणाच्या सुट्टीत त्यालाच गेटवर बोलावून घेतलं. मायलेकरांची भेट झाली, डबाही पोचला, आणि नियमही मोडला नाही. नियम 'आत सोडू नका' एवढंच सांगत होता. 'भेटू देऊ नका' असं तो कुठेच म्हणत नव्हता. हा फरक ज्याला कळतो तो चांगला कारकून.

कायद्यातलं दार

ही आदब नुसत्या चांगुलपणावर सोडलेली नाही, ती कायद्यातही सापडते, आणि तीही जिथे अपेक्षा नसते तिथे. पाहुण्याच्या नोंदीची सगळ्यांत कडक जागा म्हणजे तुरुंग. सातारा आणि सांगली, दोन्ही गावांत जिल्हा कारागृह आहे आणि कैद्याला भेटायला येणाऱ्या नातेवाइकांची मुलाकतीसाठी नोंद होते. या सगळ्याचा पाया इंग्रजांनी १८९४ साली केलेल्या कारागृह कायद्यात घातला गेला. तो वाचताना मला नवल वाटलं. कलम २१ मध्ये गेटकीपरचं काम स्वतंत्रपणे सांगितलं होतं. आत किंवा बाहेर नेलेली कोणतीही वस्तू त्याने तपासावी, संशय आला तर माणसाची झडती घ्यावी, आणि काही सापडलं तर ताबडतोब जेलरला कळवावं. म्हणजे तपासणं त्याचं काम, शिक्षा करणं त्याचं काम नाही.

कलम ४१ आणखी बोलकं. भेटायला आलेल्याचं नाव-पत्ता जेलरने विचारावा, संशय असेल तर झडती घ्यावी, पण ती झडती कोणत्याही कैद्यासमोर किंवा दुसऱ्या पाहुण्यासमोर घेऊ नये! पाहुण्याने झडतीला नकार दिला तर त्याला प्रवेश नाकारता येईल, मात्र त्याचं कारण लिहून ठेवावं लागेल. विचार करा, सव्वाशे वर्षांपूर्वी, परक्या सरकारने, तुरुंगासाठी केलेला कायदा. त्यातही दोन गोष्टी सांभाळल्या होत्या. एक, आलेल्या माणसाची चारचौघांत शोभा करू नये. दोन, नकार द्यायचा तर कागदावर द्यावा. आज एखाद्या सोसायटीच्या गेटवर कुरियरवाल्या पोराला ज्या भाषेत विचारलं जातं ते ऐकलं की वाटतं, आपण १८९४ च्याही मागे गेलो की काय!

दोन तुरुंग : एक भिंतीचा, एक बिनभिंतीचा

दार आणि भिंत यांच्या भरवशावर किती राहायचं, याचे दोन धडे आपल्याच भागात आहेत.

पहिला सांगलीचा. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. पाठलाग झाला, गोळीबार झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले. दादांना गोळी लागली आणि ते पकडले गेले. हेच दादा पुढे १९७७ साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. सांगलीत लहानाचे मोठे झालेल्यांना ही हकिगत नवी नाही. आपल्या विषयापुरतं त्यातलं एवढंच घ्यायचं, की तिथे तट होता, पहारा होता, कुलपं होती. आतल्या माणसांना तिथे राहायचंच नव्हतं, आणि देश त्यांच्या बाजूने होता. अशा वेळी भिंत पुरत नाही.

दुसरा धडा आटपाडी तालुक्यातला. हा भाग पूर्वी औंध संस्थानात होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या काळात, १९३९ च्या सुमारास, तिथे कैद्यांची एक खुली वसाहत सुरू झाली. तिचं नाव स्वतंत्रपूर. तुरुंगाला स्वतंत्रपूर म्हणायचं, इथेच अर्धी गंमत आहे. या कल्पनेशी मॉरिस फ्रीडमन यांचं नाव जोडलं जातं. हे मूळचे पोलंडचे, भारतात येऊन भारतानंद झालेले आणि पेशाने, मित्रहो, इंजिनिअर! स्वतंत्रपुरात कैदी शेती करतात आणि बायकामुलांसह राहतात. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकरही याच माणदेशातले.

तटाचा तुरुंग फुटला आणि बिनभिंतीची वसाहत टिकली. मग गेट, वही, कारकून हे सगळं फुकटच का? नाही. भिंत नसलेल्या ठिकाणी उलट एकच गोष्ट हाती उरते. आपली माणसं किती, आणि ती या क्षणी कुठे आहेत, हे ठाऊक असणं. भिंत काढता येते, मोजणी काढता येत नाही. गेटवरच्या वहीचा खरा उपयोग माणसाला बाहेर ठेवण्यापेक्षा आत कोण आहे हे कळण्यासाठी जास्त असतो. मला जे सांगायचंय ते मुख्यतः हेच.

थोडं गणित

आता आपल्या भाषेत बोलू. आत असलेली माणसं म्हणजे आत गेलेल्यांतून बाहेर आलेले वजा. पहिलीतलं गणित. पण वजाबाकीतली एक संख्या चुकली तर उत्तर चुकतं, आणि इथे ती चूक रोज साठत जाते. आज दोघांची 'बाहेर' नोंद राहिली, उद्या तिघांची राहिली, की परवा वही पाच भुतं आत दाखवते.

वही खरं बोलते का हे तपासायला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमधला एक नियम कामाला येतो. जॉन लिटल यांनी १९६१ साली तो सिद्ध केला, म्हणून त्याला लिटलचा नियम म्हणतात. कोणत्याही ठिकाणी सरासरी किती माणसं असतील? तर दर तासाला येणारी माणसं गुणिले एकाचा सरासरी मुक्काम. समजा तासाला १२ पाहुणे येतात आणि एक जण साधारण ४५ मिनिटं, म्हणजे पाऊण तास थांबतो. तर आत सरासरी ९ पाहुणे असायला हवेत. वहीत २० जण आत दिसत असतील तर दोनच शक्यता. एक तर आज काही विशेष कार्यक्रम आहे, नाही तर जाणाऱ्यांच्या नोंदी राहताहेत. मी हा हिशोब दुपारी जेवणाआधी करायचो. यात हुशारी काही नाही, कॅल्क्युलेटरही लागत नाही. पण बिघाड संध्याकाळपर्यंत लांबत नाही.

एका दुपारची गोष्ट

मार्च महिन्यात एका दुपारी, साडेबाराच्या सुमाराला, पॅकिंग शेडच्या बाजूला केबलने पेट घेतला आणि धूर झाला. सायरन वाजला. सगळे ठरलेल्या मैदानात जमले. पर्मनंट माणसांची मोजणी पंचिंगवरून झाली, काँट्रॅक्टरच्या माणसांची हजेरीवरून. पाहुण्यांची मोजणी माझ्याकडे. वही आणि पासांचा डबा घेऊन मी मैदानात गेलो. वहीप्रमाणे १४ पाहुणे आत होते. समोर उभे होते १३.

चौदावा कोण? पास नंबर २७. पॅकिंगचं सामान घेऊन आलेल्या टेम्पोचा हेल्पर. जाणार होता पॅकिंग शेडलाच, म्हणजे जिथे धूर होता तिथेच. फायरच्या दोघांनी श्वासाचे सिलिंडर पाठीवर चढवले, मास्क लावले. ते आत जायला निघाले होते. दोघंही ओळखीचे. एकाची मुलगी त्या वर्षी दहावीला होती.

मामांनी मला विचारलं, "टेम्पो कुठाय?" टेम्पो मालाच्या गेटने बाहेर जातात. तिथे गाड्यांची वेगळी वही असते. एक पोरगा पळत गेला आणि सांगत आला, की टेम्पो १२ वाजून १० मिनिटांनी बाहेर पडलाय. पण त्या वहीत गाडीचा नंबर होता, गाडीत किती माणसं होती ते नव्हतं. मालाच्या गेटवर माणसं मोजायची पद्धतच नव्हती. ड्रायव्हरला फोन लावला. दोन वेळा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला. "हेल्पर कुठाय?" "हा काय, शेजारी बसलाय, वडापाव खातोय."

दोघांनी मास्क उतरवले. धूर अर्ध्या तासात आटोक्यात आला, कोणालाही काही झालं नाही. पेपरात बातमी येण्यासारखं काही घडलंच नाही. पण मी त्या रात्री नीट झोपलो नाही. तो हेल्पर वाचला वगैरे काही नव्हतं, तो आधीच हायवेवर होता. वाचले ते दोघे. जो माणूस आत नव्हताच त्याला शोधायला दोन बापमाणसं धुरात शिरणार होती, आणि कारण काय, तर दोन वह्यांच्या मध्ये एक नोंद पडायची जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मालाच्या गेटच्या वहीत एक रकाना वाढला : 'गाडीत माणसे किती'. पास परत घेतल्याशिवाय बॅरियर उचलायचा नाही, असंही ठरलं. खर्च शून्य रुपये.

मोठ्या जगातला तोच रकाना

ही एका गेटची गोष्ट झाली. पण जमिनीच्या पोटात माणसं काम करतात तिथे हाच रकाना फार मोठा होतो. आपल्या सातारा-सांगलीच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना कोयना प्रकल्प सांगायला नको. धरण सातारा जिल्ह्यात, पाणी सह्याद्रीच्या पोटातून पलीकडे पोफळीकडे जातं, तिथे डोंगराच्या आत वीजगृह, आणि सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॉट क्षमता. अशा प्रकल्पाला भेट द्यायची तर आधी परवानगी काढावी लागते. कॉलेजचं पत्र जातं, नावांची यादी जाते, तेव्हा आपण कुरकुरतो, "ट्रिपला जायला एवढे कागद कशाला?" पण भूमिगत वीजगृहात खिडकी नसते. आत गेलेला माणूस बाहेरून दिसत नाही. बाहेरच्याला तो फक्त यादीत दिसतो.

२० ऑगस्ट २०२० च्या रात्री श्रीशैलम धरणाच्या तेलंगणाकडच्या भूमिगत वीजगृहात आग लागली. काही जण बाहेर पडू शकले, ९ जणांचा जीव गेला. त्यांत इंजिनिअर होते. अशा रात्री बचावाला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न आग कशी लागली हा नसतो. आत किती जण आहेत, हा असतो.

आणि हे उत्तर मोठमोठ्या ठिकाणीही चटकन मिळत नाही. १२ नोव्हेंबर २०२३ ला, ऐन दिवाळीच्या दिवशी, उत्तराखंडमध्ये सिलक्यारा बोगदा कोसळून कामगार आत अडकले. आपण सगळे टीव्हीला चिकटून होतो. पहिले काही दिवस आकडा ४० सांगितला जात होता. नंतर कळलं, ४० नव्हे, ४१ जण आत आहेत. २८ नोव्हेंबरला सगळे सुखरूप बाहेर आले म्हणून ही गोष्ट आपण विसरलो. पण त्या एकेचाळिसाव्या माणसाच्या घरच्यांचा विचार करा. आपला माणूस डोंगराखाली अडकलाय, आणि जगाच्या यादीत तो नाहीच!

खाणवाल्यांना ही गोष्ट फार आधी कळली होती. देशात १९५२ साली खाण कायदा झाला. जमिनीखाली कोण आहे हे कोणत्याही क्षणी दाखवू शकेल अशी नोंदवही ठेवण्याची तरतूद त्यात होती. 'कोणत्याही क्षणी' हे शब्द महत्त्वाचे. महिन्याअखेर नाही, ऑडिटच्या आदल्या दिवशी तर नाहीच. आपली जर्नलं सबमिशनच्या आदल्या रात्री पूर्ण होतात. गेटची वही तशी पूर्ण करता येत नाही.

कॉम्प्युटर आला म्हणजे?

कोणी म्हणेल, आता वही कशाला, क्यूआर कोड आहे, ओटीपी आहे, कॅमेरा आहे. जरूर असावेत. अक्षर लागत नाही ही तक्रार तरी संपते. पण रोग तोच राहतो. आत येताना ओटीपीशिवाय बॅरियर उघडत नाही, म्हणून 'आत'ची नोंद पक्की होते. बाहेर जाताना बॅरियर तसाच उघडतो, म्हणून 'बाहेर'ची नोंद राहते. मग काही ठिकाणी सॉफ्टवेअर रात्री बारा वाजता सगळ्यांना आपोआप 'बाहेर' करून टाकतं. स्क्रीन स्वच्छ दिसते, पण ते रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट. रिकामा रकाना निदान "मला माहीत नाही" असं प्रामाणिकपणे सांगतो. आपोआप भरलेला रकाना खोटं सांगतो, आणि छापील अक्षरांत सांगतो.

प्रोजेक्टला विषय शोधणाऱ्यांनी इथे लक्ष द्यावं. येण्याइतकंच जाणं पक्कं नोंदवणारी, वीज गेली तरी चालणारी आणि सायरन वाजताच आतल्यांची यादी मैदानात देणारी साधी पद्धत बनवा. यात आयओटी आहे, डेटाबेस आहे, आणि खरा उपयोगही आहे.

आता आपल्या हॉस्टेलबद्दल

ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. शहरातल्या कितीतरी लोकांना रातोरात घर सोडावं लागलं. अशा रात्री एखादं हॉस्टेल रिकामं करायचं झालं, तर रेक्टरसरांच्या हातात काय असेल? प्रवेशाची यादी. पण कोण शनिवारी गावी गेलाय, कोणाच्या रूमवर मित्र मुक्कामाला आलाय, कोणाचे वडील ॲडमिशनच्या कामाला येऊन राहिलेत, हे त्या यादीत नसतं. अंधारात, गुडघाभर पाण्यात, एकेक दार वाजवायची पाळी कोणावर तरी येणार. बहुधा आपल्या वॉचमनकाकांवर.

म्हणून पाच सूचना. रेक्टरसर आणि हॉस्टेल कमिटीने विचार करावा ही विनंती.

१. पाहुण्यांसाठी नंबर घातलेले वीस बिल्ले करावेत आणि गेटवर एका फळीला वीस खिळे ठोकून त्यावर लावावेत. पाहुणा आला की बिल्ला त्याच्याकडे, गेला की परत खिळ्यावर. रिकामे खिळे मोजले की आतले पाहुणे कळले. अंधारात हाताने चाचपूनसुद्धा कळतात.

२. गावी जाणाऱ्याने वहीत जाताना आणि आल्यावर, दोन्ही वेळा सही करावी. मित्राला फोन करून "माझी सही मार रे" हे बंद करावं. प्रॉक्सी लेक्चरला मारली तर अटेंडन्स बिघडतो. इथे मारली तर आपल्याला शोधायला कोणीतरी विनाकारण पाण्यात उतरतो, किंवा आपण आत असताना कोणी येतच नाही.

३. रात्री दहाला वही आणि खिळे यांचा मेळ घालून वॉचमन आणि त्या आठवड्याचा विद्यार्थी प्रतिनिधी, दोघांनी सही करावी. पाच मिनिटांचं काम आहे.

४. पाहुण्याचा मोबाईल नंबर उघड्या वहीत लिहून घेऊ नये. विशेषतः लेडीज हॉस्टेलवर. मागून येणारा प्रत्येक जण वरचे दहा नंबर वाचतो. नंबर वेगळ्या चिठ्ठीवर घ्यावा आणि ती चिठ्ठी खणात ठेवावी.

५. आग, भूकंप, पूर, काहीही झालं तर जमायची एक जागा ठरवावी, आणि वही घेऊन तिथे कोणी जायचं तेही ठरवावं. वही केबिनमध्येच राहिली तर तिचा उपयोग नाही.

आणि सहावी गोष्ट सूचना नाही, आपसातली आहे. गेटवरच्या काकांना नाव सांगताना आपण जी कपाळाला आठी घालतो ती घालू नये. ते आपल्याला अडवत नाहीत, मोजतात. घरी आई रात्री झोपण्याआधी सगळी आली का बघते आणि मग कडी लावते. त्याचा आपल्याला कधी राग येत नाही. आला तरी ती ऐकत नाही!

तेव्हा मित्रहो, पेन काकांकडे असतं. नसलं तर आपलं द्यावं. वेळ लिहायला दहा सेकंदही लागत नाहीत. येतानाची तर लिहाच, पण जातानाची आठवणीने लिहा.